मिसिसिपी जॉन हर्ट यांची कोणती ध्वनिमुद्रणे खरी मानावीत : १९२८ ची की १९६३ नंतरची?

सरदेशी

ब्ल्यूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांत रुजलेले ते गाणे, म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर विजेवर चालणारी गिटार, घामाने निथळणारा वादक आणि त्याच्या मागे ड्रम असे चित्र उभे राहते. हा धागा त्या ब्ल्यूजविषयी नाही. एक साधी लाकडी गिटार आणि बोलण्याच्या पट्टीपेक्षा फारसा वर न चढणारा आवाज, एवढ्या भांडवलावर गाणाऱ्या जॉन हर्ट यांच्याविषयी तो आहे.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हर्ट यांचा जन्म अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या कॅरल काउंटीतला. जन्मवर्ष कोणी १८९२ देतात, कोणी १८९३. ॲव्हलॉन नावाच्या लहानशा वस्तीत ते वाढले आणि लहानपणीच गिटार शिकले. १९२८ साली ओकेह कंपनीने त्यांची गाणी आधी मेम्फिसला आणि नंतर न्यूयॉर्कला मुद्रित केली. तबकड्या बेताच्याच खपल्या, पुढच्या वर्षी महामंदी आली, आणि हर्ट परत शेतात गेले. त्यानंतर जवळपास ३५ वर्षे त्यांचे एकही नवे गाणे मुद्रित झाले नाही. १९६३ मध्ये जुन्या तबकड्यांच्या शौकिनांनी त्यांना गाठले, त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते गायले, आणि २ नोव्हेंबर १९६६ रोजी वारले. म्हणजे त्यांची कारकीर्द म्हणजे १९२८ मधील मोजके दिवस आणि आयुष्याच्या शेवटची साडेतीन वर्षे.

माझे मत असे की खरे हर्ट १९२८ च्या तेरा गाण्यांत आहेत. नंतरच्या ध्वनिमुद्रणांतले आजोबा अत्यंत लोभस आहेत, परंतु विद्यापीठांतल्या गोऱ्या तरुणांसमोर बसून ते स्वतःचीच आठवण गात आहेत असे मला वाटते. लय सैलावली आहे आणि आवाजाला कापरेपणा आला आहे. ज्यांनी दोन्ही काळ ऐकले आहेत त्यांना काय वाटते?

जुनाग्रामोफोन

विषय काढल्याबद्दल आभार. तेरा गाणी म्हणजे काय, हे तपशिलात सांगणे आवश्यक आहे, कारण नवा वाचक तेरा तबकड्या शोधत बसेल. १४ फेब्रुवारी १९२८ रोजी मेम्फिसला आठ गाणी मुद्रित झाली, त्यांपैकी ‘फ्रँकी’ आणि ‘नोबडीज डर्टी बिझनेस’ ही दोनच बाजारात आली. उरलेली सहा कोणाला ऐकायला मिळालेली नाहीत. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला जे मुद्रण झाले त्यातून आणखी दहा गाणी निघाली. अशा बारा गाण्यांच्या सहा दुहेरी तबकड्या झाल्या. तेरावे ‘बिग लेग ब्ल्यूज’ हे त्या वेळी प्रकाशित झाले नाही, ते पुढे संग्रहांतून बाहेर आले.

मेम्फिसच्या त्या मुद्रणाची हकिगत हर्ट यांनी म्हातारपणी स्वतः सांगितली होती. भल्या मोठ्या दालनात ते, कंपनीचे टॉमी रॉकवेल आणि एक तंत्रज्ञ, असे तिघेच. खुर्चीवर बसवून मायक्रोफोन अगदी तोंडापाशी आणला आणि एकदा जागा ठरल्यावर डोके तसूभरही हलवायचे नाही अशी ताकीद दिली. त्यानंतर कित्येक दिवस त्यांची मान दुखत होती. सरदेशी यांना त्या गाण्यांत जी कसलेली, ताणलेली लय ऐकू येते, तिच्यात कलेचा वाटा किती आणि अवघडलेल्या मानेचा किती, हा प्रश्न मी अदबीने विचारू इच्छितो.

आणखी एक गोष्ट. १९२५ पूर्वी गायकाला कर्ण्यात ओरडून गावे लागे. विजेवरचा मायक्रोफोन आला आणि हर्ट यांच्यासारखा कुजबुजल्यागत गाणारा माणूस प्रथमच तबकडीवर उतरू शकला. पाच वर्षे आधी कंपनी त्यांच्या दारात पोचली असती तर त्यांना बहुधा नाकारले गेले असते.

रानजाई

म्हणजे ज्यांची मान आखडली आहे त्यांनी ध्वनिमुद्रण करून घ्यावे, असा निष्कर्ष काढून मी उद्याच एखादा स्टुडिओ गाठते.

विनोद बाजूला ठेवून विचारते. मला ब्ल्यूजमधले काहीही कळत नाही. तीन मिनिटांचे एक गाणे ऐकून हा माणूस समजायचा असेल, तर कोणते ऐकावे?

खुंटीपिळ्या

रानजाई, ‘लुई कॉलिन्स’ ऐका. तेही आधी १९२८ चे आणि मग १९६६ च्या ‘टुडे!’ या तबकडीवरचे. तेच गाणे, तोच माणूस आणि मध्ये जवळजवळ अर्धे आयुष्य. हा धागा ज्या प्रश्नासाठी काढला आहे त्याचे उत्तर तुम्हाला स्वतःच्या कानांनी मिळेल.

मी हौशी गिटारवादक आहे, म्हणून वादनाबद्दल लिहितो. हर्ट यांचा उजवा अंगठा घड्याळासारखा चालतो. खर्जाच्या जाड तारांवर तो एकाआड एक आघात करत राहतो, त्यात खंड पडत नाही आणि घाईही होत नाही. तर्जनी आणि मधले बोट उंच स्वराच्या बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात, आणि ही चाल बहुतेक वेळा अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडते. अनामिका आणि करंगळी गिटारच्या फळीवर टेकलेली असतात. नखी नाही, धातूचे काही नाही, नुसती बोटे. ऐकणाऱ्याला दोन माणसे वाजवत आहेत असा भास होतो. स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हिया यांना एक तबकडी ऐकवली तेव्हा त्यांनी दुसरा वादक कोण असे विचारले, अशी एक कथा फार फिरते. तिच्या खरेपणाची हमी मी देणार नाही, पण ती फिरते का, हे ऐकल्यावर लगेच कळते.

सरदेशी यांच्याशी माझा मतभेद लयीबद्दल आहे. १९२८ चे ‘फ्रँकी’ धावते, हे खरे. १९६० च्या दशकातली लय संथ आहे, परंतु संथ लय आणि सैल लय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धिम्या गतीत अंगठा समान अंतराने पाडणे हे जलद गतीपेक्षा अवघड असते, हे कोणताही तबलजी सांगेल. सत्तरीच्या माणसाचा तो अंगठा एकदाही घसरत नाही.

पोटोमॅककाठी

मी वॉशिंग्टन परिसरात राहतो आणि या कथेचा निम्मा भाग याच शहरात घडला, त्यामुळे थोडी भर घालतो.

जुन्या तबकड्या जमवणाऱ्या मंडळींकडे हर्ट यांच्या ‘ॲव्हलॉन ब्ल्यूज’ची ध्वनिफीत होती. त्या गाण्यात ॲव्हलॉन हे आपले गाव असून ते सदैव मनात असते, असे ते गातात. प्रश्न असा की चालू नकाशांत मिसिसिपीत ॲव्हलॉन सापडत नव्हते. डिक स्पॉट्सवूड यांना एका जुन्या नकाशासंग्रहात ते ग्रीनवूड आणि ग्रेनाडा यांच्यामध्ये आढळले. त्यांचे मित्र टॉम हॉस्किन्स १९६३ मध्ये गाडी घेऊन तिकडे गेले आणि गावच्या दुकानाशी त्यांनी चौकशी केली. उत्तर मिळाले की सरळ मैलभर जा, टेकडीवर जाताना तिसरी टपालपेटी दिसेल ते घर. इतका सगळा शोध आणि शेवटी पत्ता एवढा सोपा.

त्या वेळी हर्ट यांच्याकडे स्वतःची गिटारही नव्हती. हॉस्किन्स यांनी आपली गिटार त्यांच्या हातात दिली. पुढे हर्ट पत्नी जेसी यांच्यासह वॉशिंग्टनला राहायला आले आणि येथील ऑन्टॅरियो प्लेस नावाच्या कॉफीहाउसमध्ये नेमाने गाऊ लागले. १९६३ च्याच जुलै महिन्यात लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांची गाणी मोठ्या संख्येने मुद्रित करून घेतली. सरदेशी, तुमच्या मांडणीत हे मुद्रण बसत नाही. तिथे तरुणांची गर्दी नव्हती आणि टाळ्याही नव्हत्या. समोर यंत्र होते आणि आठवतील तितकी गाणी गायची होती. त्यात भजने आहेत, नाचाची गाणी आहेत, रेल्वेची आणि बालगीतांसारखी गाणी आहेत. १९२८ ची तेरा गाणी ही त्या भांडाराची छोटीशी खिडकी होती हे तिथे समजते.

मेरुदंड

पोटोमॅककाठी यांनी कथा सुरेख सांगितली आहे, पण ती सांगण्याची जी रूढ पद्धत आहे तिच्याबद्दल मला तक्रार आहे. हर्ट हरवले होते कुठे? ते आपल्या गावात होते, गुरे सांभाळत होते, शेतमजुरी करत होते, मंदीच्या काळात त्यांनी सरकारी रोजगार योजनेवर काम केले होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते गिटार वाजवतात हे ठाऊक होते. तबकड्या जमवणाऱ्यांना ते सापडत नव्हते, इतकेच.

आणि वर्ष लक्षात घ्या. १२ जून १९६३ रोजी त्याच मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहरात, नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घालण्यात आली. अशा राज्यात, अशा वर्षी, एका काळ्या शेतमजुराच्या दारात अनोळखी गोरा तरुण गाडीतून उतरतो आणि नाव विचारतो. हर्ट यांना प्रथम वाटले की हा एफबीआयचा माणूस असावा, आपल्या हातून काय गुन्हा घडला कोण जाणे. हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो, मला त्यात गंमत वाटत नाही.

पैशांचेही पाहावे लागेल. ज्यांनी त्यांना शोधले त्यांच्याशी झालेला करार हर्ट यांच्या फारसा हिताचा नव्हता, आणि कोणत्या कंपनीला कशाचा हक्क यावरून त्यांच्या मृत्यूनंतरही वर्षानुवर्षे खटले चालले. तेव्हा ‘खरे हर्ट कोणते’ या प्रश्नाआधी ‘त्यांच्या गाण्यांचे पैसे कोणाचे’ हा प्रश्न यायला हवा.

पोटोमॅककाठी

मेरुदंड, करारांबद्दल तुमच्याशी सहमत आहे. तरीही दोन्ही बाजू मांडायला हव्यात. १९२८ मध्ये गाण्यामागे वीस डॉलर मिळाले आणि विषय संपला. १९६३ नंतर त्यांना दूरचित्रवाणीवर गाण्याची संधी मिळाली, विद्यापीठांत बोलावणी आली, न्यूपोर्टच्या संस्थेने गिल्ड कंपनीची एफ-३० गिटार घेऊन दिली, आणि अखेरीस मिसिसिपीत परतल्यावर ग्रेनाडाला ते राहू शकले. करार वाईट असूनही त्या साडेतीन वर्षांची कमाई आधीच्या आयुष्यातल्या कोणत्याही साडेतीन वर्षांपेक्षा अधिक होती.

मेरुदंड

तुलना शेतमजुरीशी केली तर कोणताही करार उदार दिसतो.

निशिगंध

वाद रंगला आहे, परंतु मला वाटते की मूळ प्रश्नातच एक गृहीतक दडलेले आहे. १९२८ चे ध्वनिमुद्रण म्हणजे मूळ, शुद्ध रूप, आणि नंतरचे म्हणजे प्रेक्षकांसाठी केलेले. पण १९२८ मध्येही कोणीतरी निवड करतच होते.

हर्ट ओकेहपर्यंत पोचले कसे? कॅरल काउंटीतच विली नारमोर नावाचा गोरा व्हायोलिनवादक होता. गावातल्या नाचांना हर्ट त्याच्या साथीला गिटार घेऊन बसत असत. नारमोरला एका स्पर्धेत ओकेहसाठी वाजवण्याची संधी मिळाली, आणि रॉकवेल यांनी आणखी कोणी चांगले आहे का असे विचारल्यावर त्याने हर्ट यांचे नाव सुचवले. म्हणजे गावात काळा गिटारवादक आणि गोरा व्हायोलिनवादक एकाच नाचाला वाजवत होते, कंपनीच्या सूचीत मात्र दोघांच्या तबकड्या वेगळ्या रकान्यांत गेल्या. काळ्या ग्राहकांसाठी एक मालिका, गोऱ्यांच्या ग्रामीण संगीतासाठी दुसरी. हर्ट यांच्या नावामागे ‘मिसिसिपी’ हा शब्दही कंपनीनेच विक्रीसाठी चिकटवला.

मेम्फिसनंतर रॉकवेल यांनी हर्ट यांना पत्र पाठवले. त्यात साधारण आठ गाणी तयार करून न्यूयॉर्कला यावे आणि त्यांपैकी निदान चार ‘फ्रँकी’सारखी जुन्या वळणाची असावीत, अशी मागणी होती. याचा अर्थ सरदेशी ज्यांना खरे हर्ट म्हणतात ती निवड अर्धी एका व्यापाऱ्याने सुचवलेली आहे.

शिवाय हर्ट यांना मिसिसिपी डेल्टाच्या, म्हणजे त्या राज्याच्या वायव्येकडील सपाट प्रदेशाच्या, ब्ल्यूजवाल्यांच्या रांगेत बसवणेही मला पटत नाही. ॲव्हलॉन डेल्टाच्या काठावर, टेकड्यांना लागून आहे. हर्ट यांच्या गायकीत तो आक्रोश नाही आणि त्या गायकांचा खरखरीत जोरही नाही. ब्ल्यूज रुजण्याआधीची जी नाचाची, कथेची आणि भजनाची गाणी होती ती गाणाऱ्या पिढीचे ते आहेत. त्यांच्या गाण्यांपैकी चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांच्या चौकटीतले नेमके ब्ल्यूज मोजायला बसलात तर संख्या निराश करील.

सप्तकी

निशिगंध यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. त्याला एक जोड. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी फोकवेज कंपनीसाठी १९२० आणि ३० च्या दशकांतल्या जुन्या तबकड्यांमधून ८४ गाणी निवडून एक संग्रह काढला. त्यात हर्ट यांची ‘फ्रँकी’ आणि ‘स्पाइक ड्रायव्हर ब्ल्यूज’ ही दोन आहेत. स्मिथ यांनी कलावंत काळा की गोरा हे मुद्दामच लिहिले नाही. परिणाम असा झाला की अनेक श्रोते कित्येक वर्षे हर्ट यांना गोरा डोंगरी गायक समजत होते. कंपनीने पाडलेले रकाने एकदा झाकले की कान काय ऐकतात याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

खर्जकर

जरा बाजूला जातो. ‘फ्रँकी’ आणि ‘स्टॅक ओ ली’ ही दोन्ही खुनाची गाणी आहेत असे वाचले. आपल्याकडच्या पोवाड्याशी यांचे नाते जोडता येईल का?

निशिगंध

कथा सांगणे एवढेच साम्य. पोवाड्यात वीराचा गौरव असतो, शाहीर आवाज चढवतो, श्रोत्याला स्फुरण चढवणे हा हेतू असतो. हर्ट यांची कथागीते याच्या बरोबर उलट जातात.

दोन्ही घटना सेंट लुईस शहरातल्या, आणि खऱ्या. १८९५ च्या नाताळात ली शेल्टन नावाच्या इसमाने बिली लायन्स याला दारूच्या गुत्त्यात गोळी घातली, भांडणाचे कारण एक टोपी. १८९९ मध्ये फ्रँकी बेकर हिने तिच्या प्रियकराला गोळी घातली. या घटनांवर दक्षिणेत शेकडो कडवी तयार झाली. इतर गायक गोळीबार रंगवतात, हर्ट तो चहा ओतताना सांगावा तसा सांगतात. खून झाला, गाडी आली, नेले. अंगठा तोच, लय तीच. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो या निर्विकारपणामुळे.

‘लुई कॉलिन्स’ त्यांनी स्वतः रचले. गावात लोक बोलत होते त्यावरून गाणे केले, असे त्यांनी सांगितले आहे. त्यात खुनाविषयी जेमतेम काही आहे. आई रडते, गावातल्या बायका लाल कपडे घालतात आणि देवदूत त्याला निजवतात, एवढेच.

खुंटीपिळ्या

निर्विकारपणा हा अचूक शब्द आहे असे मला वाटत नाही. ते अलिप्त नाहीत, ते आवाज चढवत नाहीत. यात अंतर आहे. १९६० च्या दशकातले ‘लुई कॉलिन्स’ ऐकताना हे स्पष्ट होते, कारण तिथे संथ गतीमुळे प्रत्येक ओळीनंतर गिटारला बोलायला जागा मिळते. गाताना ते कधी कधी ओळ अर्धवट सोडतात आणि उरलेली ओळ गिटार पूर्ण करते. ऐकणाऱ्याला शब्द माहीत असतील तर तो मनात ते भरतो. १९२८ मध्ये तीन मिनिटांची तबकडी आणि अडकवलेली मान, यांत हे करायला वाव कमी होता.

सरदेशी

सर्वांचे मनापासून आभार. चर्चा माझ्या अपेक्षेपलीकडे गेली. निशिगंध यांचे रॉकवेल यांच्या पत्राविषयीचे म्हणणे मान्य आहे, आणि तरीही माझ्या मूळ मताचा गाभा मी सोडत नाही. निवड व्यापाऱ्याची असली तरी वाजवण्याची पद्धत नाचासाठी घडलेली होती. १९२८ चे हर्ट ज्यांच्यासाठी वाजवत होते ते पाय हलवत होते. १९६३ चे हर्ट ज्यांच्यासाठी वाजवत होते ते मांडी घालून शांत बसले होते. श्रोता बसला की लय बदलते. खुंटीपिळ्या ज्या संथ लयीची स्तुती करत आहेत ती या बसलेल्या श्रोत्याने घडवली, असे मी म्हणेन. ती कमअस्सल आहे असे नाही, पण ती दुसरी कला आहे.

जुनाग्रामोफोन

‘दुसरी कला’ हे मी आनंदाने स्वीकारतो. आपल्याकडेही तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवणाऱ्या गायकांनी मैफिलीपेक्षा निराळी कला घडवली, आणि तिला कमी लेखण्याची सवय आपण फार उशिरा सोडली. हर्ट यांच्या बाबतीत क्रम उलटा झाला. आपण आधी तबकडी ऐकली, मैफल मागाहून आली आणि तबकडीच मूळ वाटू लागली.

त्या काळी असेच पुन्हा शोधले गेलेल्या इतर जुन्या ब्ल्यूजगायकांशी तुलना केली तर त्यांचे वेगळेपण जाणवते. सन हाउस १९६४ मध्ये रॉचेस्टर शहरात सापडले तेव्हा त्यांना आपलीच जुनी गाणी एका तरुण चाहत्याच्या मदतीने पुन्हा बसवावी लागली. स्किप जेम्स त्याच वर्षी मिसिसिपीतील रुग्णालयात सापडले, आजारी होते, तरी त्यांचा उंच आवाज शाबूत होता. हर्ट यांना मात्र फारशी उजळणी करावी लागली असे वाटत नाही. गिटार हातात नसतानाही त्या अंगठ्याचे चलन कुठेतरी चालूच असावे.

रानजाई

खुंटीपिळ्या यांच्या सांगण्यावरून ‘लुई कॉलिन्स’ दोन्ही रूपांत ऐकले. पहिले ऐकून पाय हलला, दुसरे ऐकून हात थांबला. आता तुम्ही आपापसात भांडा.

माझी दुसरी शंका. ‘टुडे!’वरच्या एका गाण्याआधी ते कॉफीविषयी काहीतरी बोलतात आणि मागून कोणीतरी हसते असे वाटते. ते काय आहे?

सप्तकी

ते ‘कॉफी ब्ल्यूज’. त्यात एका प्रसिद्ध कंपनीच्या कॉफीची जाहिरात केल्याचा आव आणून ते भलतेच काही सुचवतात. चमचाभर प्रेमळ कॉफी, अशा अर्थाच्या त्या ओळीवरून १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रॉक गटाने आपले नाव ‘लव्हिन स्पूनफुल’ ठेवले. त्या गटातले जॉन सेबॅस्टियन हे हर्ट यांचे चाहते होते. ‘कँडी मॅन’ तर त्याहून सूचक आहे, आणि ते गाताना हर्ट यांचा चेहरा रविवारच्या शाळेतल्या गुरुजींसारखा निरागस असतो. चित्रफितींमध्ये पाहता येते.

रानजाई

म्हणजे मी हे सासूबाईंसमोर मोठ्या आवाजात लावले ते बरे केले नाही.

मेरुदंड

त्यांना शब्द कळले नसतील तर बरेच केलेत. कळले असतील तर त्यांचे मत येथे अवश्य नोंदवा.

पोटोमॅककाठी

विकत घेणाऱ्यांसाठी एक सावधानतेची सूचना. ‘द बेस्ट ऑफ मिसिसिपी जॉन हर्ट’ नावाचा दुहेरी संच मिळतो. नावावरून ते निवडक गाण्यांचे संकलन वाटते, प्रत्यक्षात ते १९६५ मध्ये ओबर्लिन महाविद्यालयात झालेल्या एका कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आहे. मला वाटते, सरदेशी यांच्या ‘बसलेल्या श्रोत्या’विषयीच्या मुद्द्यावर निर्णय द्यायचा असेल तर हाच संच ऐकायला हवा, कारण यात श्रोते टाळ्या वाजवतात, सोबत गातात, आणि हर्ट त्यांना खुशीने पुढे नेतात. तिथे तो शांत बसलेला श्रोता मला फारसा दिसत नाही.

१९२८ च्या गाण्यांसाठी १९९६ मध्ये निघालेला ‘ॲव्हलॉन ब्ल्यूज’ हा संच घ्यावा, त्यात तेराही गाणी आहेत. अखेरच्या वर्षातील गाणी ‘लास्ट सेशन्स’ या नावाने १९७२ मध्ये निघाली. ती मी सुरुवातीला सुचवणार नाही, आवाज थकलेला आहे. परंतु एकदा या माणसाची ओळख झाली की ती टाळताही येत नाहीत.

खर्जकर

ॲव्हलॉनमधले त्यांचे घर पाहता येते का? पुढच्या वर्षी त्या बाजूला जाण्याचा विचार आहे.

पोटोमॅककाठी

घर राहिलेले नाही. त्यांच्या नातीने पुढाकार घेऊन त्याचे संग्रहालय केले होते, ते २०२४ मध्ये आगीत जळाले. ॲव्हलॉनजवळच्या झाडीत कबर आहे, वाट कच्ची आहे, आणि येणारे लोक तिथे नाणी ठेवून जातात. पावसाळी दिवशी लहान गाडी नेऊ नका.

सरदेशी

ओबर्लिनचा संच ऐकला. पोटोमॅककाठी यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, सोबत गाणारे श्रोते ऐकू येतात. पण सोबत गाणारा आणि सोबत नाचणारा यांत मी अजूनही फरक करतो, त्यामुळे माझी बाजू मी सोडलेली नाही.

खुंटीपिळ्या, एक विचारायचे राहिले. ‘फ्रँकी’ वाजवून पाहत आहे. नेहमीच्या जुळणीत काही केल्या तो नाद येत नाही. अंगठा तुम्ही सांगितल्याप्रमाणे चालवतो आहे.

खुंटीपिळ्या

येणार नाही. हर्ट यांची बहुतेक गाणी नेहमीच्या जुळणीत आहेत, सी आणि जी या पट्ट्यांत अधिक, पण ‘फ्रँकी’ हा अपवाद आहे. तिथे गिटार उघड्या जी जुळणीत आहे, म्हणजे तारा न दाबता छेडल्या तरी जीचा स्वरमेळ वाजतो. पहिली, पाचवी आणि सहावी तार प्रत्येकी एका पूर्ण स्वराने खाली उतरवा, बाकीच्या तीन तारांना हात लावू नका. मग डाव्या हाताचे निम्मे काम आपोआप कमी होईल. वेग सुरुवातीला निम्मा ठेवा. आणि अंगठा सहाव्या तारेवर जोराने पाडू नका, उतरवलेली तार सैल असते, ती खडखडते.

सरदेशी

तीन तारा उतरवल्या. नाद आला. वेग अजून निम्म्याच्याही निम्मा आहे.

रानजाई

म्हणजे आता तुमची लय १९६३ ची झाली.